सूना मकान

मुंशी रघुवंशींनी विचारलं, ताला टूटा क्या?
मी म्हटलं, नाही.
कडी? नाही. खिडकीची जाळी? नाही.
मागच्या दाराचा कोंयडा? तोही शाबूत.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मग नकबजनी नको, म्हणाले, साधी चोरी लिहू.
नकबजनीचा आकडा चढला
की वरून फोन येतात,
आणि तुमचं तर, मॅडम, काही फुटलेलंच नाही.

खरंच नव्हतं.
देवासहून लग्न आटोपून आलो
तेव्हा कुलूप तसंच लोंबत होतं,
दाराला रंग दिला तेव्हाचे पांढरे ठिपके अंगावर घेऊन.
किल्ली फिरली. दिवा लागला.
यांनी पंखा लावला, मी दूध तापत ठेवलं.
चांगली पंधरा मिनिटं आम्ही त्या घरात
काहीच न झालेल्या माणसांसारखे वावरलो.

मग कपाट.
सासूबाईंची नथ, चांदीची कोयरी,
सासऱ्यांचं निवृत्तीचं घड्याळ
(मिलकडून तेवढंच काय ते त्यांना वेळेवर मिळालं होतं),
आणि गॅसच्या सबसिडीचे म्हणून
गव्हाच्या डब्यात पुरलेले सात हजार.
गहू सांडले नव्हते.
झाकण नीट, आटे बसवून लावलेलं.

ओट्यावर शेवेची पिशवी होती, अर्धी संपलेली.
रबर दोन वेढे देऊन चढवलेलं,
एका वेढ्यानं शेव सादळते.
आणि एक ग्लास, धुऊन, पालथा.

हे मी मुंशींना सांगितलं नाही.
त्यांच्या कागदावर ग्लासासाठी रकाना नव्हता.

राजेंद्र नगरात त्या आठवड्यात तिघांकडे झालं.
डगांवकरांची ग्रिल गॅसकटरनं कापली,
त्यांचा पंचनामा झाला, फोटो निघाले,
श्वान आलं आणि रिक्षा स्टँडपर्यंत जाऊन बसलं.
डगांवकरवहिनी सगळ्यांना कापलेली ग्रिल दाखवत होत्या.
मला, खोटं कशाला बोलू, हेवा वाटला.

पेपरात छापून आलं, सूने मकान में चोरी.
चाळीस वर्षं इंदुरात काढली,
तरी मराठी डोळ्याला तिथे आधी सुनाच दिसतात.
आमच्याकडे सून यायची आहे अजून.
सौमित्रचं कुठे काही जमत नाही,
नोकरीचंही आणि बाकीचंही.

महिनाअखेर चौकट आली,
स्वच्छतेच्या बातमीला खेटून:
शहरातल्या घरफोड्या अकरा टक्क्यांनी घटल्या.
घटल्या, हा शब्द मी दोनदा वाचला.
घटना घटते म्हणजे होते.
आकडा घटतो म्हणजे कमी होतो.
आमची एकाच वेळी दोन्ही अर्थांनी घटली.
यांनी पेपराची घडी घालून रद्दीत टाकली
आणि रद्दीवर बराच वेळ हात ठेवून उभे राहिले.

कारण मुंशींनी शेवटी एक विचारलं होतं,
टोपण लावलेल्या पेनानं टेबलावर टकटक करत:
चाबी कितनी हैं?
यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, दोन.
मुंशी सुटले. आम्हीही सुटलो.
बाहेर येऊन यांनी स्कूटर तीन वेळा किक मारून लावली,
घरापर्यंत एक शब्द नाही.

शहराचा आकडा असा कमी होतो,
थोडा मुंशींच्या पेनानं,
थोडा आईच्या तोंडानं.
अकरातला आमचा वाटा किती, ते काढायला
गणित आलं पाहिजे, माझं कच्चंच होतं.

काल सियागंजातून नवं कुलूप आणलं,
सात लिव्हरचं, हातात जड.
किल्ल्या तीन निघाल्या, बारीक तारेत ओवलेल्या.
एक यांच्या खिशात, एक माझ्या पर्समध्ये.
तिसरी उजेडात धरून
हे म्हणाले, हिचं काय करायचं?

गॅसवर दूध वर येत होतं.
मी तिकडे गेले.